नदीचं काम

जुन्या श्लोकातली नदी
गर्जत येते, चवताळलेल्या वाघिणीसारखी.
मी सहावीतल्या दोघांना निळी साडी दिली,
म्हटलं, हलवा जोरात.

रेहाना मुजावर मधेच उठली.
"बाई, अशी न्हाय येत.
आधी मोरीतनं येती. गप."

साडी तिनं काढूनच घेतली,
बाकाखालून सरकवली, बोटभर,
मग वीतभर.
पार्श्व चौगुले, ज्याला संवादच नव्हता,
आयर्विन पुलावरचे फूट मोजायला लागला :
चाळीस.
बेचाळीस.
पंचेचाळीस.
राजा मुकुट काखेत मारून
बाकावर चढला,
प्रधानानं त्याच्याकडे दप्तरं दिली, एकेक.

सांगलीवाडीच्या त्या वर्गात
कुणी गर्जलं नाही.
श्लोकाचा अर्थ सांगायचा राहिला होता
आणि साडी माझ्या चपलांपाशी आली,
तशी मी
एक पाऊल मागं सरले.