उक्ता माल

सकाळी आठलाच मक्याच्या कडेनं
पिकअप गाड्यांची मैलभर रांग.
नेब्रास्काच्या आमच्या ह्या कोपऱ्यात एवढी माणसं
मयताला जमतात, नाहीतर लिलावाला,
आणि लाडिस्लाव ह्रुबेश तर जिवंत आहे.
बसलाय कोठाराच्या दाराशी, घडीच्या खुर्चीत,
येईल त्याला म्हणतो :
पाय जपून, तिथं रेडिएटर आहेत.

मी लिलावाची कारकून.
तीन रकाने : काय, कितीला, कुणाला.
एकवीस वर्षं लिहितेय,
'का' असा रकाना कुणी आखून दिला नाही.

तर काय :
हडसनच्या चाकांच्या टोप्या, चौसष्ट.
नॅशचे दिवे, काचा जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या.
एकजण काच बाजूला ठेवून पेपरच वाचत बसला,
त्यात डुकरांचे भाव होते, त्याच्या बापाच्या वेळचे.
मॅग्नेटो. हॉर्नचे रबरी फुगे, चिरलेले.
कॉफीच्या डब्यांत नट-बोल्ट,
आणि डब्यांवर पेन्सिलीनं, कुठून आणले ते :
'ओमाहा, बर्फात.'
'विधवेकडून. जास्त दिले.'
'बोझेनाला सांगू नये.'

बोझेना पलीकडे चर्चच्या बायकांबरोबर
खसखशीचे कोलाचे विकत होती.
डबा वर धरला तेव्हा तिनं तो वाचला
आणि सुटे पैसे पुन्हा पहिल्यापासून मोजले.

पाच गाड्या होतील एवढे भाग. गाडी एकही नाही.
मी विचारलं होतं एकदा, जोडत का नाहीस?
म्हणाला, जोडली की एकच होते.

दहापर्यंत ड्वेन वेसलिंगची जीभ तापली.
पाचाचे दहा, दहाचे पंधरा, पंधरा कोण म्हणतं,
एकवार, दोनवार –
बोली म्हणतात ह्याला, पण बोलत कुणीच नाही.
भुवई उडते, टोपीची कड खाली येते,
आणि एका माणसाचा हिवाळा
दुसऱ्याच्या ट्रेलरवर चढतो.

दोनशे अकरा नंबर. दाराची मूठ.
पितळी. कुठल्या गाडीची, चिठ्ठीवर नाही.
पाच डॉलर कोण?
कोठाराच्या दाराशी एक हात वर झाला.

मालकाला बोली लावता येत नाही.
हे ड्वेनला माहीत, मला माहीत,
लाडिस्लावला तर आमच्याही आधीपासून माहीत.
ड्वेननं माझ्याकडे पाहिलं,
मी पेन्सिलीच्या टोकाकडे.
पाच आले, म्हणाला ड्वेन.

आयोवाचा एक पोरगा, कोवळी दाढी, नंबर अठ्ठ्याऐंशी,
त्याला काय कल्पना. दहा.
खुर्चीतून पंधरा.
वीस. पंचवीस.
गर्दीत कुणी खोकलं, कुणी पोराला कोपर मारलं,
त्याला वाटलं, चढव म्हणतायत.
चाळीस.
लाडिस्लावचा हात मांडीवरून अर्धा उठला
आणि गुडघा चोळून परत बसला.

मूठ घेऊन पोरगा सरळ त्याच्याकडेच गेला :
कशाची आहे ही?
तेच बघत होतो. पंचेचाळीस वर्षं
एकाही दारात बसली नाही.
तू लावून बघ.

मी लिहिलं : मूठ, एक. चाळीस. अठ्ठ्याऐंशी.

चारला भिंतींवर नुसते खिळे.
उरलंसुरलं किडूकमिडूक उक्तं गेलं,
फळ्यांसकट, भंगारवाल्याला, तेरा डॉलर.
माझ्या खिडकीशी पैसे भरणाऱ्यांची रांग,
रांगेत तो.
पुढं आला तेव्हा पाकीट उघडंच होतं हातात.
किती झाले माझे?
लाडी, म्हटलं, तुला द्यायचे नाहीत. तुला मिळायचेत.
हां, म्हणाला. हां.
पाकीट मिटलं, पण खिडकी सोडेना.
मागचे लोक ट्रेलर बांधायचे खोळंबलेले,
तरी कुणी काही म्हटलं नाही.
शेवटी मी एक कोरी पावती फाडली,
त्याच्यापुढं सरकवली.
चष्मा लावून त्यानं ती पूर्ण वाचली,
चार घड्या घातल्या, वरच्या खिशात ठेवली.

बाहेर बोझेनानं पिकअपचा हॉर्न दिला,
दोनदा.