किती ग्लास, रोज?

सहाशे माणसं हवी आहेत.
आत्तापर्यंत दोनशे एकोणचाळीस.
मी दार वाजवते, बुटांवरचा बर्फ झटकते,
आणि पाठ केलेलं सुरू करते:
विद्यापीठाकडून आलेय,
पाण्याच्या अभ्यासासाठी.

हार्लन डेकेमा जाळीचं दार उघडत नाही.
"एकतीस वर्षं जेवू घातलं मला त्या गिरणीनं.
तिच्याविरुद्ध हाताची शीर पुढे करू?"
विरुद्ध नाही हो, नुसतं मोजायला.
"मोजणाऱ्यांनीच तर सांगितलं होतं, खुशाल प्या."
यावर माझ्या कागदात उत्तर नाही.
पत्रक पायरीवर ठेवते,
उडू नये म्हणून वर त्याच्याच कुंडीतला एक दगड.

गिरणी कागदाची होती.
पिझ्झाच्या खोक्यातून तेल झिरपू नये
म्हणून कागदावर एक लेप द्यायचे.
तेल झिरपलं नाही. लेप झिरपला.
ओढ्यात, ओढ्यातून विहिरींत,
विहिरींतून त्या उंच टाकीत,
जिच्यावर अजून आहे गावाचं नाव
आणि एक हसणारा मासा.
कुठेतरी पाणी मुरतंय, असं सगळेच म्हणायचे.
कुठे, ते आपल्या अंगात कुणी शोधलं नाही.

प्रश्नावली चौदा पानांची.
गावात कोणत्या साली आलात?
नळाचं पाणी रोज किती ग्लास?
कॉफी धरून. सूप धरून.
बाळाला अंगावर पाजलं का, किती महिने?
इथे बायकांचं पेन थांबतं.
जोलीननं सात लिहिलं, खोडलं, नऊ लिहिलं,
मग वर बघून विचारलं,
"कमी लिहिलं तर कमी होईल का?"

पलीकडच्या टेकडीवरच्या गावाचीही माणसं लागतात,
ज्यांनी हे पाणी कधी तोंडाला लावलं नाही.
त्यांच्या रक्ताशेजारी आमचं ठेवून बघायचं.
ते पटापट येतात, गाड्या नीट रांगेत लावतात.
निरोगी माणसाला रक्त द्यायला काय जातं?

मी इथलीच. शाळेतल्या नळाला तोंड लावून प्यायलेली.
पण पगारी माणसाचं रक्त चालत नाही, नियम आहे.
तेव्हा माझा आकडा मला कळणार नाही.
याचं वाईट वाटतं की बरं,
ते मी दर गुरुवारी वेगळं ठरवते.

गुरुवारी चर्चच्या तळघरात नर्स बसते.
बिस्किटं, बाटलीच्या पाण्याची कॉफी,
नळीमागे पस्तीस डॉलरचं कूपन.
परवा विल्मा ओस्टिंग आली,
सहलीला न्यायची ती लाल पेटी दोन्ही हातांनी धरून.
आत बर्फाचा साचा. चौदा खाने, तीन रिकामे.

"ऑर्व्हिलनं लावला होता, एप्रिलमध्ये.
तीन खडे त्यानं लिंबूपाण्यात घातले.
जूनमध्ये तो गेला.
जुलैत पत्र आलं, नळाचं पाणी पिऊ नका.
आता वापरवतही नाही, ओतवतही नाही.
त्याचं रक्त तर तुम्हाला मिळणार नाही,
हा चालेल?"

मी यादी उघडली, जणू मला ती पाठ नव्हती.
सहभागी जिवंत असावा.
वय अठरा पूर्ण.
गावात किमान एक वर्ष वास्तव्य.
बर्फाबद्दल काही नाही.

"नाही चालत, विल्मा."
ती काही बोलली नाही.
स्वेटरची बाही वर करत गेली, कोपरापर्यंत,
आणि खुर्चीत बसली.
नर्सला शीर सापडेना, दोनदा टोचावं लागलं.
तोवर पेटीत कडेचे खडे सुटायला लागले होते.

मी साचा उचलला, सांडू न देता,
स्वयंपाकघरातल्या फ्रीझरमध्ये ठेवला,
वाटाण्याच्या पिशव्या आणि रविवारच्या आइस्क्रीमच्या मधे.
वर चिठ्ठी चिकटवली:
विल्मा ओस्टिंगचा आहे.
पिऊ नये.
फेकू नये.