आगलावे हिं., बॉयलर नं. २

तोंडी परीक्षेला बाहेरचे सर आले होते.
नाव नाही, आडनावच विचारलं त्यांनी.
आगलावे, म्हटलं मी.
ते हसले. आमचे सरही हसले, हसावं लागतं म्हणून.
मग काढा, म्हणाले, कार्नोचं चक्र.

काढलं. चार वाकड्या रेषा,
वाऱ्यानं कललेल्या पिंपळपानासारख्या.
वरच्या अंगाला ऊन, खालच्या अंगाला गार.
तो होता कोण, हे काही त्यांनी विचारलं नाही.
मला येत होतं.

शेवटच्या एसटीनं कारखान्यावर गेले.
गळीत जोरात. मळीचा वास फाट्यापासूनच.
दादा दोन नंबरच्या तोंडाशी,
डोळा गेजवर, टॉवेल मानेवर.
डबा उघडला त्यांनी, आणि मी सांगत बसले.

बाप फौजा उभ्या करायचा, किल्ल्यांची गणितं मांडायचा.
राजाला मारा म्हणणाऱ्यांत त्याचंही मत होतं.
शेवटी परमुलखात मेला.
नातू राष्ट्राध्यक्ष. उघड्या बग्गीतून निघाला
आणि गर्दीतून सुरा आला.
मधला, सादी.
(सादी कार्नो, सादा डोसा, हे वर्गात हसून झालंय आमचं.)
त्यानं एक बारकं पुस्तक छापलं, फारसं कुणी वाचलं नाही.
छत्तिसाव्या वर्षी पटकी झाली,
कागदपत्रंही बहुतेक त्याच्याबरोबरच गेली, लागण होईल म्हणून.

दादा म्हणाले, कार्नो?
कर्नाटकातलं हाय व्हय?

मला आयर्विन पूल आठवला.
तो साहेब कोण होता, विचारा कुणालाही सांगलीत.
पण कृष्णा फुगली की पानवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत
एकच प्रश्न, आयर्विनला किती?
अडतीस. एकोणचाळीस आणि वाढतंय.
मग गुरं हलवायची, गहू माळ्यावर.
आडनाव फुटांत उरतं कधीकधी.

आमच्या गेटवर तीन कोनशिला आहेत.
आजा, बाप, नातू, एकच आडनाव.
दर दसऱ्याला झेंडूचं तोरण.
आमचं आडनाव हजेरीवहीत, तेही अर्ध्या नावासकट,
जागा पुरत नाही म्हणून.

मग त्येनं सांगितलं काय, सादीनं?
म्हटलं, आग कितीही घाला,
सगळी कामाला येत नाही.
थोडी खाली सोडावीच लागते, गार जागी.
यंत्र कसलंही आणा. देवानं केलं तरी.

दादांचा घास हातातच राहिला.
पलीकडं फवाऱ्याच्या तळ्यावर वाफ उठत होती,
रोज उठते तशी, तीस हंगाम.
इंजिनियर लोक येऊन वाया जातंय म्हणत
आणि दादा मान खाली घालून ऐकून घेत.

आन् हे लिवलंय त्येनं? छापून?
दोनशे वर्सं झाली, दादा.

ते उठले. झाकण उघडून बगॅसचा लोट बघितला,
झळ माझ्यापर्यंत आली.
पाठमोरेच म्हणाले,
मला कुणी सांगितलंच न्हाई की माझी चूक नव्हती.

भोंगा झाला. तिसरी पाळी आत आली.
हात धुताना त्यांनी विचारलं,
पास झालीस का?
झाले. सत्तरातले बेचाळीस.
बाकीचे कुठं गेले?

मी तळ्याकडं बोट केलं.