दोनची कूस

नवतपा लागला त्या दुपारी
देवाजी परात्यांच्या छातीवर मला रेघ दिसली.
आडवी, स्तनांच्या पातळीवर.
वर घामाचे थेंब,
खाली कोरडी कातडी, भट्टीतल्या विटेसारखी तापलेली.
चार्टवर लिहिलं होतंच, मणका अमुक, इजा पूर्ण.
उन्हानं ते नुसतं आखून दाखवलं.

कूलर बसवताना पडले होते ते.
गोळीबार चौकातलं घर, दुसरा मजला,
सज्जावरचा गंजलेला स्टँड, वाळ्याच्या नव्या जाळ्या.
खालून कौतिका सांगत होती,
जरासा डाव्या बाजूला घ्या.
‘डावी’ म्हणताना ती अजून अडखळते.

वॉर्डातही कूलरच.
मोटर घरघरली की ते डोळे मिटून घ्यायचे.
मी बाटलीनं पाणी फवारायचे मांड्यांवर, पोटऱ्यांवर,
घामाचं काम हातानं.
“पाय गरम हायेत का जी माहे?”
मी तळवा ठेवून सांगायचे, तापलेत.
थांबा. आता निवले.
आपल्याच पायांची खबर
दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची,
तीही छताकडे बघत.

कौतिकाला शिकवलं.
चादर घट्ट धर. मान, पाठ, कंबर एका रेषेत.
तीन म्हटलं की वळव.
टाच उशीला टेकू द्यायची नाही.
माकडहाडाशी आरसा धर, लाल दिसलं तर बोटानं दाब.
पांढरं पडून परत लाल झालं तर ठीक.
लालच राहिलं तर आत काहीतरी सुरू झालंय.
“धागा तुटाच्या आधी बोटाले समजते,” ती म्हणाली,
मागावर वीस वर्षं बसलेली बाई.
लघवीच्या नळीला मात्र आठ दिवस भ्याली.
मग तेही.

नवतपा उतरायच्या आत सुट्टी झाली,
खाट दुसऱ्या कुणाला हवी होती.
ठरलं असं, की रात्री कूस बदलली की मिस्ड कॉल.
दहा, बारा, दोन, चार.
हे कुठल्या नियमात नाही, मी कुणाला सांगितलंही नाही.
मानेवाड्याच्या माझ्या खोलीत
उशीखाली फोन थरथरायचा
आणि मी झोपेतच म्हणायचे,
उजवी. पाठ. डावी.

पाचव्या रात्री दोनचा आला नाही.
सव्वादोन.
दोन वीस.
मी लावला, तर त्यांनीच उचलला, कुजबुजत.
“जागाच हाय मी, सिस्टर. घड्याळ पाहून राहिलो.
ते आत्ताच झोपली. दिवसभर धुणं, माह्यं सारं,
उठवाचं जीवावर आलं.
झोपू द्या म्हटलं जरासंक.”

रागावले मी. चांगलीच.
म्हटलं, भाऊ, कातडीला माया कळत नाही.
उठवा तिला.

फोन चालूच राहिला.
“कौतिका. ओ कौतिका.”
बांगड्या. खाटेची करकर.
झोपेनं जड झालेला आवाज,
एक.
दोन.
मग ती थांबली,
आणि तीनच्या ऐवजी म्हणाली, “डावी ना?”

“डावीच. घे.
सावकाश.”

मग बराच वेळ नुसता कूलर.