नेफासितच्या वरचं तिसरं वळण

हिशेब करून ठेवलाय मी.
ओक्बाझ्गी या वळणावरून शर्यतीत गेला नऊ वेळा,
दर वेळी फार तर चार सेकंद.
म्हणजे ज्याच्या नुसत्या नावानं अख्खं अस्मारा
कॅफेतल्या खुर्च्या मागे सारून उभं राहायचं,
तो माणूस माझ्या वाट्याला आला
छत्तीस सेकंद.
तेवढ्यात कॉफीचं पाणीसुद्धा उकळत नाही.

पहिल्यांदा मी सात वर्षांची.
आईशेजारी, रस्त्याकडेला. पुढ्यात पत्र्याची बादली,
बादलीत फड्या निवडुंगाची लालपिवळी बोंडं
आणि बोटांत त्यांची न दिसणारी कुसं.
खालून, समुद्राकडून, धुकं घाट चढत होतं
(ते रोजच चढतं, त्याला कुणी हार घालत नाही)
आणि धुक्याच्या पोटात काहीतरी करकरत होतं.
आई म्हणाली, "साखळीला तेल नाही घातलं लेकरानं."

मग तो.
एकटा.
बाकीचे गिंद्याखाली कुठेतरी
आपापल्या पोटऱ्यांशी भांडत होते.
तोंड उघडं, दातांत धूळ,
डाव्या गुडघ्यावर वाळलेलं रक्त,
खांदे मात्र असे निवांत
जसं पाववाल्याचं पोर सकाळची फेरी आटपून घरी निघालंय.
पाववाल्याचंच पोर होतं ते.

गेला.
आईच्या पांढऱ्या नेत्सेलाचा पदर तेवढा हलला.

लोक सांगतात ते सगळं ऐकलंय मी.
मसाव्याच्या उन्हात टायर फुटलं
तेव्हा नुसत्या रिमवर अकरा किलोमीटर काढले म्हणे.
परदेशात कुठे बर्फात पहिला आला
तर हॅन्डलवरची बोटं सुटेनात,
पंचांनी एकेक करून सोडवली.
लढाईच्या वर्षांत शर्यती बंद,
तेव्हा रात्री चढायचा, दिवा न लावता.
पहाऱ्यावरच्यांना वाटलं भूत आहे,
मग त्यातलाच एक म्हणाला,
भूत असतं तर एवढं धापलं असतं का?
म्हणून गोळी वाचली.
खरंखोटं घाटाला ठाऊक.
माझी साक्ष फक्त छत्तीस सेकंदांची.

चौदाव्या वर्षी मामाची सायकल पळवली.
काळी, धिप्पाड, ब्रेक एकच, तोही मनाचा राजा.
चढावर कळलं, आपलं वजन म्हणजे नुसती हाडं नाहीत,
सकाळी आईला जे बोललो
तेही ओढून न्यावं लागतं वर.
दोनदा उतरले, एकदा रडले,
आणि माथ्यावरून उलटी वळले
तेव्हा वारा वाहत नव्हता,
तो उभा होता जागच्या जागी,
मीच त्यातून आरपार जात होते.
घरी कान पिळला गेला.
दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.
पिळलेल्या कानाला वारा जास्त लागतो.

गेल्या ऑगस्टात धुक्यातून तीच करकर.
नंबर नाही, मागे गाडी नाही, भोंगा नाही.
ऐंशीला टेकलेला ओक्बाझ्गी,
कानांत पांढरे केस, गुडघ्यावर तो व्रण,
ओठांत शिवी, चढाला दिलेली,
घरच्या खेचराला देतात तशी मायेची.
एवढंसं वळण पार करायला
पुरतं दीड मिनिट लागलं त्याला.
श्रीमंत झाल्यासारखी बघत राहिले मी.

एक बोंड सोलून हात पुढे केला.
त्यानं ते घेतलं, शर्यतीत घेतात तसं,
न थांबता, न बघता.
थांबला असता तर मला वाईट वाटलं असतं.

एकूण दोन मिनिटं सहा सेकंद.
उद्यापासून बादलीशेजारी
तेलाची बाटली ठेवणार आहे.