वर्धा रोडला

बुटीबोरीच्या फॉर्मवर रकाना होता:
मागील अनुभव, सालवार.
दोन हजार तेरापर्यंत सुरेख अक्षरात लिहिलं,
मग पेन उचलून थेट अठरावर ठेवलं.
मधली जागा कोरी.
टेबलामागची मुलगी भली होती.
कोऱ्या जागेवर बोट ठेवून हळूच म्हणाली,
"सर, इथे खंड का?"
मला सर म्हणणारी ती पहिलीच.
म्हटलं, आजारी होतो.
"सर्टिफिकेट?"
होतं माझ्याकडे,
पण दुसऱ्याच दवाखान्याचं.

धंतोलीला वॉचमनच्या एजन्सीत
मालक म्हणाला, उंची आहे, आवाज आहे,
रात्री जागशील ना?
चार वर्षं दोन महिने तेच केलं,
हे मनात.
त्यानं पोलीस पडताळणीचा कागद पुढे सरकवला.
मी चार घड्या घालून तो खिशात ठेवला
नि चहा पिऊन उठलो.
चहा चांगला होता.

मारबतीच्या दिवशी आई अजून दार लावून घेते.
पिवळी निघाली होती, काळी यायची होती,
गर्दीत कुणीतरी बहिणीचं नाव घेतलं
आणि माझ्या हातात झेंड्याची काठी होती.
एकदाच फिरली.
रुपेश खापेकरचा डावा डोळा गेला.
तो इतवारीत भावाच्या दुकानात बसतो,
मी त्या गल्लीतून जात नाही.
त्याला किती वर्षं झाली, कुठल्याच कागदावर नाही.
अख्खं शहर ओरडतं, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत,
आणि ती नेते,
जळते, राख होते.
माझं तेवढं न्यायचं राहिलं.

लकडगंजात मावजीभाई काही बोलला नाही.
सागाचा तुकडा टाकला, पटाशी दिली.
मी कुसू काढला, खाच मारली, ठोकलं.
त्यानं सांधा उन्हासमोर धरला.
उजेड आला नाही.
"हात कुठी बसला?"
"वर्धा रोडले."
"कोनत्या कारखान्यात?"
"मोठा आहे. हजार-दोन हजार मानूस."
"मंग सोडला काहून?"
"म्या नाही सोडला. त्यायनंच सोडलं."
तो हसला नाही.
वर्धा रोडला काय आहे, नागपुरात पोरंसोरं सांगतील.
पेन्सिलीनं कान खाजवत म्हणाला,
"रोजी साडेपाचशे. रजिस्टरात नाव लिवत नाही."

तेव्हापासून मी दारं करतो,
बेसा, मनीषनगर, नव्या फ्लॅटस्कीमांची,
सागाची, पितळी कड्यांची.
बसवायला गोलू जातो.
गेटवर नावगाव विचारतात,
मावजीभाईला नसती झंझट नको.
माझं एकही दार मी उघडून पाहिलेलं नाही.

परवा गोलूचा फोन, बेशातून.
दार अडते, भाऊ. निघतच नाही.
"फट किती ठेवली?"
"फट कायले? एकदम फिट बसवलं ना!"
अरे बाप्पा, लाकूड फुगतं.
चहूबाजूंनी दोन सूत जागा सोडावी लागते,
तेवढी कोरी ठेवली नाही तर
दार दार राहत नाही, भिंत होते.
"तुमीच या न मंग."
मावजीभाई हिशेब करत होता.
मी रंधा पिशवीत टाकताना पाहिलं त्यानं,
आणि पुन्हा हिशेबात डोकं घातलं.

गेटवर वॉचमन. माझ्याच उंचीचा.
दोरीला बांधलेलं पेन, जाडजूड वही.
नाव: टेकचंद पराते.
फ्लॅट नंबर: चारशे दोन.
पुढचा रकाना: कुठून आलात?

पेन थांबलं.
मागे कुणाच्या तरी स्कूटरनं हॉर्न दिला.

लकडगंज, लिहिलं.

वॉचमननं न बघताच पान उलटलं.