धक्क्यावरचा एक तास

सोळा आठवड्यांच्या कोर्सचं प्रमाणपत्र
आईनं फ्रीजच्या दाराला लावलं,
गॅसच्या बिलाशेजारी.
त्याआधी सहा वर्षं मी कारखान्यात
सॅमनची पोटं चिरत होते, मिनिटाला अठरा.
बोटांना तो वास होता अजून,
जेव्हा फेरीबोटीच्या कचेरीत युत्रोनिच म्हणाले,
बस नेलिदा, ही खुर्ची तुझी.
हिचं एक चाक लटकं आहे.

पहिले महिने मी नुसती मान हलवली.
कळलं? हो.
जमेल? हो.
आणि रात्री दोनपर्यंत घरी
त्या होकारांचे अर्थ शोधत बसायची.

तिकिटावर वेळ छापणाऱ्या
अकरा ओळी माझ्या.
चाचण्या सगळ्या हिरव्यागार.
एप्रिलच्या पहिल्या रविवारी
सान्तियागोनं घड्याळ तासभर मागे घेतलं.
आम्ही इथं, पुन्ता अरेनासला, घेत नाही.
शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं हे.
मलाही होतं.
माझ्या अकरा ओळींना नव्हतं.

बोट नवाची, तिकिटावर आठ.
एक्केचाळीस माणसं सामुद्रधुनीच्या काठाला
वाऱ्यात उभी.

कचेरीत कुणी म्हणालं सर्व्हर,
कुणी म्हणालं सरकार.
मी म्हणाले, मी.
आवाज पेजेसारखा पातळ.
युत्रोनिच आता ओरडतील म्हणून थांबले,
तर त्यांनी थर्मास पुढे केला.
दुरुस्ती मग.
आधी धक्क्यावर जा, आणि बोट सुटेपर्यंत
तिथून हलू नकोस.

एका म्हाताऱ्याच्या कोटाआड खोका होता.
कॉफी नको म्हणाला.
तिकिटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
मग म्हणाला, हे धर जरा,
मी लघवीला जाऊन येतो.
खोक्यात कोंबडीची बारा पिल्लं.
वजन असं काहीच नाही.
मी वाऱ्याकडे पाठ केली
आणि तो येईस्तोवर
श्वाससुद्धा बेतानं घेतला.

त्यानंतर फार काही हुशार झाले नाही मी.
माहीत नाही, हे मोठ्यानं म्हणायला लागले,
भर मीटिंगमध्ये,
आणि दिवेलागणीपर्यंत माहीत करून घ्यायला.
याचं प्रमाणपत्र कुणी देत नाही.
गुडघ्याच्या ऑपरेशनला जाताना युत्रोनिचनी
रात्री वाजणारा तो फोन
माझ्या टेबलावर ठेवला.
चार्जर ढिला आहे, म्हणाले,
भिंतीला टेकवून ठेवत जा.
बस, एवढंच.

काल व्लादिमीरनं बुकिंगचा अख्खा तक्ता पुसला.
वय बावीस, सोळा आठवडे, बूट कोरे.
कुणी केलं हे?
कुणीच बोलेना.
मी मुद्दाम त्याच्याकडे पाहिलं नाही,
खिडकीबाहेर पाहत राहिले.
वारा चढला होता,
पालिकेची माणसं चौकात दोर बांधत होती,
धरून रस्ता ओलांडायला.

मी, तो म्हणाला.

मी खुर्ची ओढली, लटक्या चाकाची.
बस.
बॅकअप पहाटे चारचा आहे.
चारनंतर कितीजणांनी गाड्या नोंदवल्या
ते आधी मोज.
एकेकाला फोन करायचा.
अर्धे तू, अर्धे मी.

अठ्ठावीस निघाले.
पहिलाच नंबर त्यानं चुकीचा लावला.
मी माझ्या यादीवरून मान वर केली नाही.